कलकत्त्याचे जॅझ आणि अनुकरणाचा आरोप

अनुकरण हा शब्द मराठी टीकेत बहुधा निर्णय म्हणूनच वापरला गेला आहे. विचाराचा आरंभ म्हणून त्याचा उपयोग क्वचितच झाला. मर्ढेकरांच्या कवितेवर एलियटची छाया दाखविली की तिचे मूल्यमापन संपले असे समजणारा एक वर्ग होता, आणि ती छाया नाकारली की तिची प्रतिष्ठा सिद्ध झाली असे समजणारा दुसरा. दोन्ही वर्गांचे गृहीतकृत्य एकच होते : कला जेथे जन्मली तेथेच ती खरी असते. ह्या गृहीतकृत्याची परीक्षा करावयास साहित्य हे फारसे सोयीचे क्षेत्र नव्हे. भाषा मुळातच इतकी देशी असते की, परकी कल्पना तिच्यातून व्यक्त होता होताच निम्मी देशी होऊन जाते. संगीताला हा आधार नसतो. त्यातही कलकत्त्याच्या हॉटेलांतून आणि उपाहारगृहांतून सुमारे अर्धशतक वाजत राहिलेले जॅझ हे प्रकरण विशेष अवघड आहे. वाद्ये परकी, गाण्यांचे शब्द इंग्रजी, श्रोते परके किंवा परक्यांच्या सवयी उचललेले, आणि वाजविणारे गोमंतकीय, अँग्लो-इंडियन, नेपाळी, ब्रह्मदेशातून परागंदा झालेले. अनुकरणाचा आरोप सिद्ध व्हावयास ह्याहून अनुकूल पुरावा कोठे मिळणार? आणि तरीही येथे एक अडचण उभी राहते. जॅझ ही कलाच अनुकरणाच्या निषेधावर उभारलेली आहे. जो वादक दुसऱ्याचे वादन जसेच्या तसे पुन्हा वाजवितो, तो जॅझ वाईट वाजवितो असे नव्हे. तो जॅझ वाजवीतच नाही.

जॅझचा इतिहास सामान्यतः शैलींच्या अनुक्रमाने सांगितला जातो. अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लिन्स ह्या बंदराच्या शहरात कॉंगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर रविवारी गुलामांना नाचण्या-वाजविण्याची मुभा असे. त्या आफ्रिकी तालाची आठवण, चर्चमधील भजने, शेतमजुरांचे ब्लूज, पियानोवरील रॅगटाइम आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये ह्यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकारास आले. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली, ती मात्र गोऱ्या वादकांच्या एका मेळाची. अनुकरणाचा प्रश्न ह्या कलेच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे शिकागोत १९२५ ते १९२८ ह्या काळात लुई आर्मस्ट्राँगने सामुदायिक वादनातून एकट्या वादकाला पुढे काढले. तिसाव्या दशकात ड्यूक एलिंग्टन व काउंट बेसी ह्यांच्या मोठ्या वाद्यवृंदांनी स्विंगची शैली रूढ केली. चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ह्यांनी नाचणाऱ्यांकडे पाठ फिरवून बीबॉपचे वेगवान, बुद्धिप्रधान वादन सुरू केले. आणि १९५९ साली माइल्स डेव्हिसने बदलत्या स्वरसंघातांचा पसारा आवरून एकेका स्वरसप्तकावर स्थिरावण्याची वाट दाखविली. ह्या शेवटच्या वळणावर हे संगीत रागसंगीताच्या अंगणापर्यंत आले, असे अनेकांना वाटले. ते कितपत खरे, ह्याचा विचार पुढे येईल.

शैलींची ही वंशावळ उपयुक्त आहे. पण तिच्यावरून ह्या संगीताचे मर्म कळत नाही. ते लयीत आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' ह्या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. ती त्यांनी मांडली सर्व कलांसाठी. परंतु जॅझइतके त्यांतील विरोधतत्त्वावर विसंबून असलेले दुसरे संगीत दाखविणे कठीण. ढोलवादक आणि खर्जाचे तंतुवाद्य धरणारा वादक मिळून चार मात्रांची चाल अखंड, समान अंतराने चालू ठेवतात. तिचे वजन मात्र पहिल्या मात्रेवर न पडता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. वरचा सूर त्या चालीच्या किंचित पुढे किंवा किंचित मागे पडत राहतो. ख्यालगायकही लयीशी असाच खेळतो. पण त्याच्या खेळाला समेचे गंतव्य असते. ताण कितीही वाढवला तरी तो समेवर सुटावयाचा, आणि सुटल्यावर श्रोत्यांनी मान डोलवावयाची, असा तेथील करार आहे. जॅझमध्ये त्या तोलाची सम नाही. ताण सुटत नाही, तो वाहून नेला जातो. ह्या वाहून नेण्यालाच स्विंग म्हणतात. तो स्वरलिपीत लिहिता येत नाही. म्हणूनच लिहिलेल्या कागदावरून जॅझ शिकता येत नाही, आणि ज्याला तो कानाने साधला त्याच्याजवळ तो कोणाच्या मालकीचा हे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही.

विस्ताराची पद्धत आपल्याकडील श्रोत्याला त्या मानाने परिचित वाटेल. बारा खंडांचे ब्लूज किंवा बत्तीस खंडांचे एखादे लोकप्रिय गीत हे आवर्तन म्हणून घ्यावयाचे, ते एकदा सरळ वाजवावयाचे, आणि मग त्याच आवर्तनावर एकामागून एक वादकाने उपज करावयाची. बंदिशीशी ह्याचे साम्य आहे. भेद असा की, ख्यालात विस्ताराला रागाचे बंधन असते, तर येथे आवर्तनाबरोबर सरकत जाणाऱ्या स्वरसंघातांचे. आणि दुसरा भेद अधिक महत्त्वाचा : येथे साथीदार हा साथीदार राहत नाही. पियानोवाला सॅक्सोफोनला उत्तर देतो, क्वचित अडवितो. एकाच्या उपजेतून दुसऱ्याची उपज निघते. एका माणसाने एकट्याने मिळविलेले जॅझ हे त्यामुळे अर्धेच असते. त्याला वस्ती लागते. कलकत्त्याला ही वस्ती मिळाली का, हा खरा प्रश्न आहे.

ह्या शहराच्या कानावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत पहिल्याने पडले ते विडंबनाच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंडाला काजळी फासून निग्रोंची नक्कल करणाऱ्या गोऱ्या मंडळ्या हिंदुस्थानात हिंडत. त्यांपैकी डेव्ह कार्सन ह्या नटाने तर त्याच साच्यात बंगाली बाबूचीही टवाळी बसविली. राज्यकर्त्यांच्या करमणुकीत हबशी आणि बाबू एकाच बाकावर बसले, ही गोष्ट नंतरच्या इतिहासाकडे पाहताना विसरण्यासारखी नाही. पुढे ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला, तो १९२८ साली दमदमला गेला, आणि परदेशी नाचाच्या तबकड्या चौरंगीवरील दुकानांतून मिळू लागल्या. ग्रँड, ग्रेट ईस्टर्न ही हॉटेले आणि फिर्पोचे उपाहारगृह येथे वाद्यवृंद असत. परंतु तबकडीवरून नाच वाजविणारे वादक आणि जॅझचे वादक ह्यांत जे अंतर असते, ते भरून काढावयास एखादा जाणता माणूस प्रत्यक्ष यावा लागतो. तो आला युद्धकाळात.

टेडी वेदरफोर्ड ह्या पियानोवादकाचा जन्म १९०३ साली व्हर्जिनियात झाला. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो आर्मस्ट्राँगबरोबर होता. त्या वर्षाच्या ध्वनिमुद्रिकांत त्याचा पियानो ऐकू येतो, आणि त्याची गणना अर्ल हाइन्ससारख्या वादकाबरोबर होत असे. त्याच वर्षी तो आशियात निघून आला. शांघाय, नंतर मुंबईचे ताजमहाल हॉटेल, आणि अखेर कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल असा त्याचा प्रवास झाला. २५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यातच पटकीने त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. अमेरिकेतील मधली एखादी फेरी वगळता तो एकोणीस वर्षे आपल्या कलेच्या मायदेशापासून दूर होता. त्याने आशियात आणले ते १९२६ सालचे शिकागो. मागे राहिलेल्या शहरात ते वितळून गेले. ह्याच्या बोटांत ते टिकले.

कलकत्त्यात त्याने १९४२ ते १९४४ च्या सुमारास कोलंबिया कंपनीसाठी पुष्कळ तबकड्या केल्या. त्यांच्याविषयी हळवेपणाने लिहिण्याची प्रथा पडू पाहत आहे. ती मोडणे बरे. त्या बहुतांशी नाचाच्या तबकड्या आहेत. तीन मिनिटांच्या मर्यादेत एक गायक गीत म्हणून जातो, वाद्यवृंद ठरावीक स्वरावली वाजवितो, आणि पियानोच्या वाट्याला काही खंडांची जागा येते. त्या जागेत हात ओळखू येतो, परंतु कलावंत क्वचितच. १९३७ साली पॅरिसमध्ये त्याने एकट्याच्या पियानोच्या ज्या तबकड्या केल्या, त्यांच्याशी ह्या ताडून पाहिल्या म्हणजे हे अंतर स्पष्ट होते. तेथील डाव्या हाताची उडी मारीत चालणारी भक्कम चाल आणि तिच्यावर उजव्या हाताने घेतलेले धोके कलकत्त्याच्या तबकड्यांत फारसे नाहीत. हॉटेलला धोका नको असतो. तबकड्यांवरून वेदरफोर्डचे कलकत्त्यातील स्थान ठरविणे म्हणजे एखाद्या बुजुर्ग गवयाची योग्यता त्याने दिलेल्या नाटकांच्या चालींवरून ठरविण्यासारखे आहे. त्याचे खरे कार्य त्याच्या भोवती जमलेल्या वादकांत शोधले पाहिजे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, आणि ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात वादकही होते. ज्यू कुटुंबातील क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट हे त्यांपैकी. दार्जिलिंगकडचे ट्रम्पेटवादक पुष्करबहादूर हे जॉर्ज बँक्स ह्या नावाने वेदरफोर्डच्या मेळात वाजवीत. गोमंतकीय तर होतेच. गोव्याच्या खेड्यातील चर्चला जोडलेल्या शाळेत स्वरलिपी वाचावयास शिकलेला मुलगा पोटासाठी बाहेर पडला की, मुंबई, कराची, रंगून, कलकत्ता ह्यांपैकी कोणत्या तरी शहरातील वाद्यवृंदात त्याची सोय लागे. ह्या मंडळींना कागद वाचता येत होता. कागदावाचून कसे वाजवावे, हे त्यांनी वेदरफोर्डजवळ आणि युद्धासाठी आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या सहवासात ऐकले. ही तालीम गुरुकुलाची नव्हे. पण रोज रात्री एका व्यासपीठावर शेजारी बसून मिळणारी तालीम ही गुरुकुलाहून फार दूरचीही नव्हे.

आणि ही रात्र कोणती होती? १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. सरकारी चौकशी मंडळाने मृतांची संख्या पंधरा लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली. चौरंगीच्या पदपथावर माणसे भाताच्या पेजेसाठी टाहो फोडून मरत होती आणि हॉटेलच्या आत वाद्यवृंद वाजत होता. झैनुल आबेदिन आणि चित्तप्रसाद ह्यांनी त्या वर्षाची रेखाचित्रे काढली. बिजन भट्टाचार्यांचे 'नवान्न' १९४४ साली रंगभूमीवर आले. बंगाली कलावंतांच्या ज्या पिढीला त्या वर्षाने घडविले, तिला हॉटेलातील संगीत हे बेदरकार चैनीचे चिन्ह वाटले असेल तर त्यात अस्वाभाविक काही नाही. जॅझविषयी बंगाली विचारवंतांत पुढे जी उदासीनता दिसते, तिचे मूळ संगीताच्या अभिरुचीत शोधण्यापेक्षा ह्या आठवणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तथापि पदपथ आणि दिवाणखाना ह्यांच्यातील भिंत त्या पियानोवाल्यापुरती तरी वाटते तितकी पक्की नव्हती. ज्या देशातील बहुसंख्य हॉटेलांत त्याला गिऱ्हाईक म्हणून खोली मिळाली नसती, त्या देशाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी तो वाजवीत होता. आणि त्याला गाठले ते ज्या रोगाने त्या वर्षांत उपाशी गावे ओस पाडली त्याच रोगाने.

बंगाली साहित्याने ह्या वादकाकडे पाहिलेच नाही असे नाही. शंकर ह्यांच्या १९६२ सालच्या 'चौरंगी' कादंबरीत शाजहान हॉटेलच्या वाद्यवृंदाचा प्रमुख प्रभातचंद्र गोमेझ हे पात्र आहे, आणि ते मनापासून रेखाटलेले आहे. पण लेखकाने त्याला आत्मा दिला तो युरोपच्या अभिजात संगीतकारांचा. गोमेझची पूजा मोझार्टची आणि बेथोव्हेनची. रात्री नाचासाठी जे वाजवावे लागते ती त्याची वेठबिगारी. वादकाला सहानुभूती मिळाली, त्याच्या संगीताला नाही. हॉटेलात वाजणाऱ्या त्या संगीतालाच स्वतःची साधना असू शकेल, त्यातच कोणी आयुष्य घालवील, ही शक्यता कादंबरीच्या कक्षेत येत नाही. सत्यजित राय ह्यांच्या 'महानगर' ह्या १९६३ सालच्या चित्रपटात एडिथ ह्या अँग्लो-इंडियन मुलीला अन्यायाने कामावरून काढले जाते आणि तिच्यासाठी आरती आपली नोकरी सोडते. ह्या लोकांना शहराचे नागरिक म्हणून मोजावे असे सांगणारा तो विरळा क्षण आहे. एडिथ घरी काय ऐकत होती हे मात्र तेथेही कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ पार्क स्ट्रीटचा. १९५६ साली मोकॅम्बो सुरू झाले. ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मुलाँ रूज ही नावेही त्याच रस्त्यावरची. पॅम क्रेन ह्यांचे गाणे, ब्राझ गोन्साल्विस ह्यांचा सॅक्सोफोन आणि सत्तरच्या दशकात लुई बँक्स ह्यांचा पियानो ही त्या काळाची ठळक नावे. लुई बँक्स हे वेदरफोर्डच्या मेळातील त्या जॉर्ज बँक्स ह्यांचे चिरंजीव. वडिलांनी मुलाला आर्मस्ट्राँगचे नाव दिले, आणि आजोबा बखतबहादूर ह्यांनी नेपाळच्या राजवटीच्या राष्ट्रगीताला चाल दिली होती. देशी-परक्याची सीमारेषा अशा घराण्यातून नेमकी कोठून ओढावयाची, हे आरोप करणाऱ्यांनीच सांगावे. सत्तरच्या दशकात करमणूक कर, वीजटंचाई, राजकीय अशांतता आणि परदेशी कंपन्यांचे स्थलांतर ह्यांनी हा रस्ता निस्तेज केला. अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेली, उरलेले वादक मुंबईला.

मुंबईचे प्रकरण निराळे. तेथे चित्रपटाने ह्या वादकांना सामावून घेतले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांनी चिक चॉकलेट ह्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला हाताशी धरून १९५१ सालच्या 'अलबेला'त जे केले, त्याने स्विंग हा शब्दही न ऐकलेल्या लाखो लोकांच्या पायांत स्विंग उतरला. हे यश लहान नाही. परंतु चित्रपटगीतात उपजेला जागा नव्हती. प्रत्येक स्वर आधी ठरलेला. मुंबईला जॅझची लय मिळाली, त्याचे स्वातंत्र्य मिळाले नाही. कलकत्त्याच्या वादकांजवळ श्रोते थोडे आणि पैसा बेताचा होता; पण मध्यरात्रीनंतर गिऱ्हाइके पांगली की मनासारखे वाजविण्याची मोकळीक होती. वस्ती टिकली ती ह्या उरलेल्या तासांत.

आता रागाचा प्रश्न. जॅझ परके ठरते, तर त्यात राग घातला म्हणजे ते भारतीय होईल, हा उपाय सहज सुचणारा आहे, आणि तो योजून पाहणारा पहिला महत्त्वाचा रचनाकार कलकत्त्याचाच निघाला. जॉन मेयर हा कलकत्त्यात वाढलेला अँग्लो-इंडियन व्हायोलिनवादक पन्नासच्या दशकात लंडनला गेला, आणि तेथे जमैकाच्या जो हॅरियट ह्या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने १९६६ साली 'इंडो-जॅझ स्वीट' ही तबकडी काढली. पाच जॅझवादक आणि त्यांच्यासमोर भारतीय वाद्यांचा मेळ, अशी ती योजना. तबल्यावर केशव साठे होते. त्या तबकडीत एक रचना मेघ रागावर आहे आणि एक गौडसारंगावर.

गौडसारंगाची निवड उद्बोधक आहे. ह्या रागात दोन्ही मध्यम आणि बाकीचे सर्व स्वर शुद्ध; पण हे स्वर केदारातही आहेत, हमीरातही आहेत, छायानटातही आहेत. गौडसारंग स्वरांत नाही, त्याच्या वक्र चालीत आहे : गंधारावरून रिषभाकडे वळून मध्यमाला स्पर्श करीत पुन्हा गंधारावर येणे, पंचमावरून एकदम रिषभावर उतरणे. ही चाल सोडून नुसते स्वर घेतले की हाती येते ते पाश्चात्त्यांच्या मेजर सप्तकाचे जवळचे नातलग. मेयरने मूळ रचना कागदावर लिहिल्या, आणि लिहिलेल्या भागात रागाची ओळख राहते. पण हॅरियट आपली उपज सुरू करतो त्या क्षणी गौडसारंग निघून जातो आणि हॅरियट उरतो. हॅरियट मोठा वादक असल्यामुळे ऐकणाऱ्याचे नुकसान होत नाही. परंतु हा संगम नव्हे. हे दोन प्रवाह शेजारून वाहतात. तबल्याचे आवर्तन समेकडे ओढते, ढोलाची चाल समेला ओलांडून जाते, आणि दोघांत विरोधलय निर्माण व्हावी त्याऐवजी नुसती आळीपाळी होते. स्वरसप्तकाच्या पातळीवर जुळलेले हे नाते लयीच्या पातळीवर जुळत नाही. माइल्स डेव्हिसनंतरचे जॅझ रागाच्या अंगणात आले, ह्या समजुतीचे उत्तरही हेच आहे : ते अंगणात आले, उंबऱ्याशी थांबले. गोन्साल्विस आणि बँक्स ह्यांनी पुढे ह्या वाटेवर जे प्रयोग केले, त्यांत समज अधिक आहे, कारण दोन्ही संगीते त्यांच्या कानावर लहानपणापासून होती. तरी त्यांच्या वादनातील उत्कट जागा बहुधा रागाचे नाव दूर राहते त्याच वेळी येतात.

परक्या वस्तूला देशी करण्याचा मार्ग नाव बदलण्याचा नसतो, ह्याचे उदाहरण ह्याच शहरात आहे. फ्रान्समधून आलेल्या हार्मोनियमला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांच्या 'द्वारकिन' पेढीने मांडी घालून बसणाऱ्याच्या हाताखाली आणले. रवींद्रनाथांना ते वाद्य रुचले नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्यावर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. मींड नाही, श्रुती नाहीत, हे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरे होते. इकडे महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे ह्यांनी त्याच वाद्यातून गायकी उभी केली. त्यांनी हार्मोनियमला वीणा बनविण्याचा प्रयत्न केला नाही. तिच्या मर्यादा तशाच ठेवून त्यांच्या आत बसून ते वर्षानुवर्षे ऐकत आणि वाजवीत राहिले. आत्मसात करणे म्हणजे हे.

ह्या कसोटीने पाहिले तर कलकत्त्याच्या जॅझमधील सर्वांत लक्षणीय माणूस ज्याच्यावर अनुकरणाचा आरोप सर्वांत सहज करता येईल तोच ठरतो. कार्लटन किटो ह्यांचा जन्म १९४२ साली बंगलोरला झाला. सत्तरच्या दशकात, म्हणजे पार्क स्ट्रीटला ओहोटी लागत असता, ते कलकत्त्याला येऊन राहिले आणि २०१६ साली तेथेच वारले. इतर वादक मुंबईला गेले. किटो गेले नाहीत. ते गिटारवर बीबॉप वाजवीत. राग नाही, सतार नाही, भारतीयत्वाची कोणतीही खूण नाही. चार्ली ख्रिश्चन ह्या १९४२ सालीच वारलेल्या अमेरिकन गिटारवादकाच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी हात बसविला होता, आणि चाळीसच्या दशकातील त्या शैलीच्या पुढे जाण्याची त्यांना कधी घाई दिसली नाही. त्यांच्या अमेरिकन समकालीनांनी ती शैली केव्हाच मागे टाकली होती.

ह्याला जुनाटपणा म्हणता येईल. परंतु घराण्याची गायकी सांभाळणाऱ्या गवयाला तो शब्द आपल्याकडे लावला जात नाही. किटो ह्यांनी बीबॉपला घराण्यासारखे वागविले. तिची शिस्त पत्करली, सरकत्या स्वरसंघातांतून वाट काढण्याचे नियम पत्करले, आणि त्या नियमांच्या आत रोज नवे बोलण्याची जबाबदारीही पत्करली. त्यांच्या वादनात आवाज मोठा होत नाही. तान लांबते, खंडाच्या रेषेवर थांबेल असे वाटते, आणि रेषा ओलांडून पुढच्या स्वरसंघातात एक पाऊल आधीच जाऊन उभी राहते. विरोधलयीचा हा शुद्ध नमुना आहे, आणि तो तबकडीवरून उचलता येत नाही, कारण तबकडीवर त्या गीतावर ती तान नाही. मेयरच्या रचनेत भारत आहे आणि जॅझ आहे. किटोंच्या वादनात फक्त जॅझ आहे, आणि ते कलकत्त्याचे आहे. भारतीयत्व विषयात शोधणाऱ्या टीकेला हे वाक्य विसंगत वाटेल. पण मराठी लघुकथा ही पाश्चात्त्य कथेच्या घाटात लिहिली गेली म्हणून मराठी नाही असे कोणी म्हणत नाही, आणि तिच्यात बैलगाडी आणली म्हणून ती अधिक मराठी झाली असेही जाणत्याने म्हणू नये.

किटो कलकत्ता स्कूल ऑफ म्यूझिकमध्ये शिकवीत. जे विद्यार्थी त्यांच्याकडे येत, त्यांतील बहुतेकांना रॉक वाजवावयाचे असे, आणि बीबॉपचे नावही त्यांनी ऐकलेले नसे. बंगाली घरांतील मुले त्यांत पुष्कळ होती. वेदरफोर्डच्या काळात ज्या शहराने हॉटेलच्या दाराबाहेरून हे संगीत ऐकले, त्याच शहराच्या पुढच्या पिढ्या आता ते हातात घेऊन बसू लागल्या. एकविसाव्या शतकात कोलकात्यात जॅझचे महोत्सव भरविणाऱ्या एका संस्थेने कॉंगो स्क्वेअर हेच नाव घेतले, आणि डलहौसी इन्स्टिट्यूटच्या हिरवळीवर परदेशी पाहुण्यांबरोबर स्थानिक वादकही बसू लागले. त्यांतील किती जण किटोंच्या शिस्तीत टिकतील आणि किती पुन्हा एखाद्या रागाचे नाव शोधू लागतील, हे त्यांच्या वादनातील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरून कळेल.